बल्ब पेटल्याच्या टाळ्या

अशोकराव निमकर बँकेतून निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात विजेचे तज्ज्ञ झाले. मधल्या दोन महिन्यांत त्यांनी योगासनं, बासरी आणि कुंडीतली कोथिंबीर करून पाहिली होती. तिघांपैकी कुणीच त्यांना दाद दिली नाही. विजेचं तसं नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल माणसाला हवं तितकं बोलता येतं, आणि अशोकरावांना बोलायला फार आवडायचं.

बावीस वर्षांपूर्वी अकोल्याहून बदली होऊन ते सुरतेला आले आणि भटार भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन इथलेच झाले. त्या फ्लॅटच्या मागच्या, खिडक्या लावून खोलीसारख्या केलेल्या गॅलरीत त्यांच्या पत्नीचं, रजनीबाईंचं, वॉशिंग मशीन होतं. ते न्हाणीघरात गेलं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या निघाल्या. त्यांच्या जागी एक लांब टेबल आलं, टेबलावर रबरी चटई आली, मीटर आला, पक्कड-पेचकसांची फौज आली, आणि भिंतीवर आले लॅमिनेट केलेले एकवीस नियम. जुनं विजेचं उपकरण घरच्या टेबलावर सुरक्षितपणे कसं चालू करावं, याचे ते नियम होते. टेबलावर तोवर एकही जुनं उपकरण नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मुंडावळ्या बांधून तयार, नवरी शोधायची बाकी, असा तो मामला होता.

नियम तसे खरोखरच चांगले होते. पायात रबरी चपला असाव्यात. हातात अंगठी, घड्याळ, बांगडी नसावी. फ्यूज बरोबर मापाचाच घालावा, त्याच्या जागी तांब्याची तार कदापि गुंडाळू नये. सातवा नियम असा की चालू उपकरणाला हात लावताना दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका बसलाच तर वीज एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातात जात नाही. अशोकरावांच्या लेंग्याला खिसा नव्हता. तो रजनीबाईंनी शिवून दिला.

पहिला नियम मात्र थेट बँकेतून आला होता. बँकेत एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. एक मेकर, दुसरा चेकर. दोन सह्या झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. घरीही एक वही घातली गेली: तारीख, उपकरण, काय तपासलं, मेकरची सही, चेकरची सही. चेकर अर्थातच रजनीबाई. बँकेत चेकर म्हणजे पेन्सिलची खूण असेल तिथे न वाचता सही करणारा माणूस, हे अशोकरावांना ठाऊक होतं, कारण तेच काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं होतं. रजनीबाईंची पंचाईत अशी की त्या वाचून सही करत. न समजलेलं विचारत. घरचीच इस्त्री नि मिक्सर तपासताना विचारता विचारता सहा महिन्यांत त्यांना टेबलावरचं इतकं समजू लागलं की अशोकरावांनी त्यांना अधूनमधून चहा करायला पाठवायला सुरुवात केली.

अशोकरावांची कीर्ती पसरवली ती त्यांनी स्वतःच. सुरतेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज सकाळी विजेवर परिच्छेद टाकत. लोक न वाचता हात जोडत. त्या जोडलेल्या हातांतले दोन हात खरे निघाले. एके दिवशी पांडेसऱ्याहून हिलाल महाजन रिक्षा करून त्यांच्या दारात आला, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं एक जड धूड घेऊन.

हिलाल अमळनेरकडचा. चाळीस वर्षं पांडेसऱ्यात लूमवर काढलेली. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. गोधडीत होता त्यांच्या खान्देशी मंडळाचा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. लोखंडी पेटी, वर जाळी, जाळीच्या आत काचेचे व्हॉल्व्ह आणि मागच्या बाजूला विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. मोबाइल नव्हते त्या काळात हे मशीन म्हणजे वस्तीचं तोंड होतं. कुणाचं पत्र आलं, कुणाचं पोर हरवलं, कुणाची बायको गावी बाळंत झाली, कोण उद्याच्या गाडीने गावाला चाललाय आणि कुणाला निरोप-पुडकी द्यायची आहेत, सगळं भोंग्यावरून कळे. आणि भोंग्यावर बोलणारा माणूस म्हणजे हिलाल. पुढे डीजे आले, तेव्हा मंडळाने मशीन भंगारात काढलं. हिलालने ते घरी नेऊन खाटेखाली ठेवलं. पुराच्या वर्षी बायकोचं शिलाई मशीन पाण्यात सोडून हे गच्चीवर नेलं, त्यावरून बायकोने मरेपर्यंत त्याला ऐकवलं.

"साहेब, गनपती झाले का मी गावाला चाललो. कायमचा," हिलाल म्हणाला. तो अशोकरावांशी जमेल तितकं शुद्ध बोलायचा प्रयत्न करी आणि दोन वाक्यांत त्याची अहिराणी बाहेर येई. "बठ्ठ्यासना, सगळ्यांचा, जावाना निरोप आजवर मी ह्या मशीनवर सांगा. मना निरोप बी याच्यावरच सांगाना शे. एकदाच बोलू दे, मंग बंद पडनं तरी चालई."

रजनीबाईंना भरून आलं. अशोकरावांनाही आलं, पण त्यांनी आधी मीटर आणला.

"एक अट शे," हिलाल म्हणाला. "घाई नही करानी. ह्याना ट्रान्सफॉर्मर आता कोठेच भेटत नही. जळना तर संपनं."

"हिलालभाऊ, घाई हा शब्द या टेबलावर नाही," अशोकराव म्हणाले. "माझा शब्द आहे तुम्हाला." आणि भिंतीवरचे एकवीस नियम त्यांनी त्याला एकेक करून वाचून दाखवले. हिलालने विसाव्यापर्यंत धीर धरला.

पुढचे दहा दिवस मात्र अशोकरावांनी काम चोख केलं, हे कबूल करायला हवं. पेटी उघडली, ब्रशने धूळ काढली, झुरळांची अंडी काढली, उंदराने कुरतडलेली वायर बदलली. मग सिरीज बोर्ड तयार केला. सिरीजचा बल्ब म्हणजे दारावरचा राखणदार. भिंतीतली वीज आणि मशीन यांच्या मध्ये तो बसतो. मशीन धड असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि विझल्यासारखा मंद होतो. मशीनमध्ये शॉर्ट असेल तर सगळी वीज त्याच्यावर येते, तो भगभगीत पेटतो, पण मशीन जळू देत नाही. थोडक्यात, बल्ब मंद तर घरात आनंद, बल्ब लख्ख तर घरात सुतक. यासाठी बल्ब लागतो तो जुना, तारेचा. अशोकराव अख्खं सुरत हिंडले. जो तो दुकानदार एलईडी पुढे करी आणि यांच्याकडे कीव केल्यासारखा बघे. शेवटी कामरेजजवळ एका पोल्ट्रीवाल्याकडे मिळाले. तो ते पिलांना ऊब द्यायला लावायचा. पंचवीस, साठ आणि शंभर वॅटचे तीन बल्ब घेऊन अशोकराव असे घरी आले जणू स्वारीवरून आले.

आधी पंचवीसचा लावला. चमकला, मंदावला. दोन दिवसांनी साठचा. तोही चमकला, मंदावला, आणि जोडून पाहायला आणलेल्या भोंग्यातून अगदी बारीक, मांजर झोपेत करते तशी गुरगुर ऐकू आली. हिलाल रोज दुपारी पांडेसऱ्याहून येऊन स्टुलावर बसे. त्याने भोंग्याला कान लावला आणि डोळे पुसले. त्या क्षणी अशोकरावांना जो आनंद झाला तो खरा होता, त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदावर मंजूर किंवा नामंजूर लिहिलं. त्यांच्या हातून एखादी मेलेली गोष्ट जिवंत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आता पाच दिवस रोज तासभर बल्बवर ठेवायचं," त्यांनी हिलालला समजावलं. "आतले जुने कंडेन्सर वाळून बसलेत. त्यांना एकदम पुरी वीज दिली तर फुटतात. हळूहळू दिली की त्यांना पुन्हा सवय होते. बुधवारी थेट लावू. बुधवारी तुम्ही बोलायचं."

हिलालने बुधवार बोटांवर मोजला आणि खूश होऊन गेला. एवढ्यावर अशोकराव गप्प बसले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "मृत यंत्रात प्राण फुंकले!" खाली स्वतःचा फोटो, एक हात खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गणपतराव सोनवणेंचा फोन आला. गणपतराव मंडळाचे अध्यक्ष. पलसाण्याच्या डाइंग हाउसना, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यांना, मजूर पुरवण्याचं त्यांचं काम. तीस वर्षं गुजराती मालकांत वावरल्यामुळे त्यांची मराठी गुजरातीवर टेकून चाले. मंडळाचं पन्नासावं वर्ष होतं आणि त्यांना त्यात काहीतरी ऐतिहासिक करायचं होतं. इतिहास खाटेखालून बाहेर आल्याचं त्यांना ग्रुपवर कळलं.

"निमकरसाहेब, कमाल केली! रविवारी तुमच्या घरीच उद्घाटन करू. बराबर व्हिडिओ काढू. तुमचा सत्कार पण तिथेच. सव्वादहापासून बारा-वीसपर्यंत मस्त चौघडिया छे, एकदम शुभ मुहूर्त, पछी अशुभ, काळ लागतो."

बुधवार म्हणायला अशोकरावांनी तोंड उघडलं. पण 'सत्कार' हा शब्द कानात शिरून बसला होता, त्याने बाहेर येणाऱ्या शब्दाला वाट दिली नाही. ते म्हणाले, "या ना, या."

रजनीबाई भाजी निवडत होत्या. "रविवारी? तुम्ही हिलालभाऊंना बुधवार सांगितलाय."

"अगं, अध्यक्ष आहेत. नाही कसं म्हणायचं?"

"नाही असं म्हणायचं," रजनीबाई म्हणाल्या. "भीड भिकेची बहीण असते."

"सिरीजवर दाखवू नुसतं. शंभरचा बल्ब लावू. काही होत नाही." हे शेवटचं वाक्य अशोकरावांच्या एकवीस नियमांत कुठेही नव्हतं.

रविवारी अकरा वाजता गणपतराव पाच कार्यकर्त्यांसह आले. आले ते हार, नारळ, हळदकुंकू, शाल आणि तीन मोबाइल घेऊन आले. बरोबर मंडळाचे सेक्रेटरी लोटू पाटील होते. कधीकाळी एका डाइंग हाउसमध्ये वायरमन होते आणि दोनदा झटका खाऊन जिवंत राहिल्यामुळे विजेला घाबरत नसत. हिलाल आधीच येऊन बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. कुणी न सांगताच त्याला वाटलं होतं की आज उद्घाटन म्हणजे आजच बोलायचं. खिशात त्याने निरोपाचा कागद लिहून आणला होता.

सगळ्यात आधी मोडला तो चपलांचा नियम. टेबलापाशी पूजा होणार म्हटल्यावर सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. अशोकरावांच्या पायांतल्या रबरी चपलांकडे गणपतरावांनी असं बघितलं की त्यांनीही काढल्या. देवाच्या कामाला चपला? मग टेबलावरची रबरी चटई काढून तिथे लाल कापड अंथरलं गेलं, कारण काळ्या चटईवर पूजा मांडत नाहीत. अंगठ्यांचा नियम काढायची सोयच नव्हती. गणपतरावांच्या दहा बोटांत सात अंगठ्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळा ग्रह बांधलेला होता.

ट्रान्सफॉर्मरवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक निघालं. व्हॉल्व्हच्या जाळीवर फुलं पडली. इथवर निभलं असतं. पण कारखान्यात कुठलंही मशीन चालू करताना त्याच्यासमोर नारळ फुटतो, आणि दगड हाताशी नसेल तर मशीनच्याच लोखंडावर फुटतो, ही त्या लोकांची तीस-चाळीस वर्षांची सवय. अँप्लिफायरच्या पेटीचा कोपरा चांगला टणक, काटकोनी, नारळासाठीच घडवल्यासारखा होता.

"गणपती बाप्पा!" गणपतराव ओरडले आणि त्यांनी हात उगारला.

"अहो थांबा—" रजनीबाई म्हणाल्या, तोवर नारळ फुटलाही. एका झटक्यात दोन शकलं. अर्धं पाणी गणपतरावांच्या मनगटावरून गेलं, अर्धं जाळीतून आत.

"अरे बाप रे! पानी मझार गयं!" हिलाल उठून उभा राहिला. दोन्ही हात त्याने पुढे केले होते, पण पूजेत हात घालायचा कसा, म्हणून ते तसेच अधांतरी राहिले.

रजनीबाईंनी ओट्यावरचं कोरडं फडकं आणून पेटी वरून पुसली. आत फडकं जात नव्हतं. जाळीतून बघितलं तर खाली कंडेन्सरच्या पायापाशी पाणी चकाकत होतं.

"काय नाय होत, वहिनी," गणपतराव म्हणाले. "नारळाचं पाणी तो अमृत छे. पलसाण्यात कोटीकोटीच्या मशीनवर फोडतो आम्ही."

"ती मशीनं बंद लोखंडाची असतील. हे उघडं आहे," रजनीबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघू लागल्या. खोलीतले सगळेच अशोकरावांकडे बघत होते. त्यातले तीन मोबाइलमधून बघत होते.

"तसं म्हटलं तर," अशोकराव घसा साफ करत म्हणाले, "दोन दिवस वाळू द्यावं लागेल."

"साहेब, बारा वाजून गेले. वीसला काळ चौघडिया बसतो. पंधरा मिनटं छे आपल्याकडे. दोन दिवस क्यांथी आणायचे?"

दोन दिवस लावायचं नाही म्हणजे नाही, असं म्हणायला फक्त तोंड लागतं. ते अशोकरावांच्या चेहऱ्यावर होतं, पण तेव्हा ते हसण्यात गुंतलं होतं. "मग सिरीजवर लावू," ते म्हणाले. "सिरीजवर काही धोका नसतो." आणि आपली शिस्त लोकांना दिसावी म्हणून त्यांनी वही काढली, 'तपासले, योग्य' असं लिहिलं, खाली ऐटीत सही केली आणि वही बायकोपुढे धरली.

रजनीबाईंनी वाचलं. "काय योग्य आहे यात? आत पाणी आहे. मी सही करणार नाही."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे."

"ती तुमच्या बँकेत. इथे हिलालभाऊंचं मशीन आहे."

कार्यकर्ते गालात हसले. हसू अशोकरावांना लागलं. एकोणीस वर्षांत कधी कुणाची खोटी सही केली नव्हती याचा त्यांना फार अभिमान होता. त्या अभिमानाला त्यांनी त्या दिवशी पाच सेकंदांत निरोप दिला. चेकरच्या रकान्यात त्यांनी स्वतःच 'र. अ. निमकर' असं लिहिलं आणि वही मिटली.

"वाह! काय सिस्टीम छे साहेबांची!" गणपतराव म्हणाले.

अशोकरावांनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. शंभर वॅटचा बल्ब भगभगीत पेटला. क्षणभर चमकून मंदावण्याचं नाव नाही. लख्ख, पिवळा, डोळ्यांत खुपणारा.

आणि खोली टाळ्यांनी दणाणली. पेटला! पेटला! "गणपती बाप्पा मोरया!" एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन बल्बभोवती आरती ओवाळावी तसा फिरला. गणपतरावांनी अशोकरावांना मिठी मारली. ज्यांनी जन्मभर दिवा लागला म्हणजे काम झालं असं मानलं, त्यांनी दिवा लागल्यावर टाळ्या वाजवल्या, यात त्यांची चूक काय? त्या खोलीत तो दिवा म्हणजे मशीनचं रडणं आहे हे ज्याला समजत होतं, तोच माणूस हार घालून घेत होता.

"अहो, बंद करा," रजनीबाई कानाशी म्हणाल्या. "शॉर्ट आहे. दिसत नाही का?"

अशोकरावांना दिसत होतं. एक शब्द पुरेसा होता: बिघडलंय. अजून काहीही जळलं नव्हतं, बल्बने सगळं स्वतःवर घेतलं होतं. पण आता तो शब्द काढायचा म्हणजे वाजलेल्या टाळ्या लोकांच्या हातात परत द्यायच्या. त्यांनी बायकोला खुणेने चहाकडे जायला सांगितलं. हिलालकडे बघायचं त्यांनी टाळलं.

टाळ्या थांबल्या. भोंगा गप्पच होता. "बत्ती तर लागली," गणपतराव म्हणाले, "पण आवाज का नाय?"

"कशाना ई आवाज?" लोटू पुढे झाले. "हाऊ बल्बच बठ्ठा करंट खाई राहिना. काढी टाका त्याले. डायरेक्ट द्या."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. अशोकरावांना बल्बने सांगून झालं होतं, बायकोने सांगून झालं होतं, आणि तरी त्यांचा हात बोर्डाकडे गेला. काय सांगून थांबवायचं हे त्यांना सुचेना असं नाही; थांबवल्यावर आपण कसे दिसू, तेवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी मशीनची पिन सिरीज बोर्डातून काढली आणि सरळ भिंतीत घातली.

टक् असा आवाज झाला. फ्यूज गेला. बरोबर मापाचा होता, अशोकरावांनी स्वतः शोधून आणलेला. त्याने आपलं काम केलं आणि मशीनला दुसऱ्यांदा वाचवलं. देवाला नारळ पोचला म्हणायचा तो इथे.

"बारा-सोळा," कुणीतरी म्हणालं.

लोटूंनी टेबलावरची वायर दातांनी सोलली, तांब्याचे दोन धागे काढले, फ्यूजवर गुंडाळले आणि फ्यूज परत बसवला. "पांडेसरामा अख्खी लाइन अशी चालस," ते म्हणाले. तांब्याची तार कदापि गुंडाळू नये हा चौदावा नियम त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर टांगलेला होता. अशोकराव बघत उभे राहिले. हात अजून खिशात होता. आपल्या जिवाच्या बाबतीत माणसाने नियम शेवटपर्यंत पाळला.

बटण कुणी दाबलं हे पुढे प्रत्येकाने वेगळं सांगितलं. अशोकरावांनीच दाबलं.

भोंग्यातून नाही, पेटीतून आवाज आला. खोल, जड, दळण दळल्यासारखा. मग वास आला. वार्निश जळतं तो कडवट वास. कुंकवाच्या स्वस्तिकाखालून काळं डांबर ओघळू लागलं, जाळीतून धूर वर आला, आणि हिलाल कधी नव्हे तो मोठ्याने ओरडला, "बंद करा! बंद करा ते!" लोक मागे सरले. रजनीबाईंनी पळत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले. धूर मात्र बराच वेळ येत राहिला.

गणपतरावांनी घड्याळ बघितलं. "जुओ, बारा-बावीस! काळ बसला ना. साहेब, तुम्ही त्या बल्बमध्ये टाइम घालवला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती. मग त्यांनी मोबाइलवर टाळ्यांपर्यंतचा तुकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "एवढं बस छे. पुढचं कापून टाकू. मशीन स्टेजवर हार घालून ठेवू, मागे पडद्यात डीजे. कुणाला काय कळणार?"

शाल आणलीच होती, ती परत कशाला न्यायची? धुरातच सत्कार झाला. अशोकरावांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं विनयाने. चहा न घेता मंडळी गेली, कारण काळ चौघडियात परक्या घरी काही खाऊ-पिऊ नये असं गणपतराव मानत. जाताना ते हिलालला म्हणाले, "काका, मशीन गुरुवारी कार्यक्रमाच्या हॉलवर पोचव."

"नही," हिलाल म्हणाला. एवढंच. गणपतरावांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून जिना उतरले.

खोलीत तिघं राहिले. हिलालने लाल कापड बाजूला केलं, फुलं काढून नीट एका ताटलीत ठेवली आणि गोधडी पसरली. पेटी अजून गरम होती. त्याने तिला दोनदा हात लावून बघितला आणि मग ती गोधडीवर ठेवली.

"हिलालभाऊ, मी दुसरा ट्रान्सफॉर्मर शोधतो," अशोकराव म्हणाले. "मुंबईला चौकशी करतो. तसाच मिळणं कठीण आहे, पण कुणाकडून गुंडाळून घेता येईल. मला थोडा वेळ द्या."

"ते राहू द्या, साहेब. मी पुढच्या सोमवारी गनपती बुडाले का निघस." हिलालने गोधडीचं एक टोक दुसऱ्यावर आणलं. "एक इचारू का? बल्ब भडकना, तवय तुमले समजनं व्हतं ना?"

समजलं नव्हतं असं म्हटलं असतं तर हिलालने ते मानलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्याला तेवढंच हवं होतं, म्हणजे माणसावर राग न धरता गावाला जाता आलं असतं. पण बल्ब भडकल्याचा अर्थ आपल्याला कळला नाही, हे अशोकरावांना आत्ताही, शाल अंगावर आणि धूर नाकात असताना, म्हणवेना.

"समजलं होतं," ते म्हणाले.

"मंग बोलनात का नही?"

रजनीबाई खिडकी उघडायला गेल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. अशोकरावांनी भिंतीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग खरं होतं तेच तोंडातून आलं.

"सगळे टाळ्या वाजवत होते, हिलालभाऊ."

हिलालने गोधडीची गाठ मारली, ओढून घट्ट केली.

"मी नही वाजाड्यात," तो म्हणाला, आणि मशीन उचलून दाराबाहेर चपला घालू लागला.